‘कॅरमेल’ला गोड म्हणणाऱ्यांसाठी

लेबनीज दिग्दर्शिका नादिन लबाकीच्या ‘कॅरमेल’ या सिनेमाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "किती गोड सिनेमा आहे ना!" आता रंग उबदार, खालेद मुझनारचं संगीत डोक्यातून न जाणारं, बायका देखण्या, पार्लरमधल्या गप्पा चटकदार. त्यामुळे गोड वाटणं साहजिकच. पण परवा रात्री तो पुन्हा बघितला आणि मला या विशेषणाचा चक्क राग आला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेबनॉनची राजधानी बैरुतमधलं एक साधं पार्लर. तिथे काम करणारी लायाल (स्वतः लबाकीच) एका विवाहित पुरुषात अडकलेली. त्याच्या गाडीचा हॉर्न वाजला की हातातलं काम टाकून पळते. नस्रीनचं लग्न ठरलंय, पण तिचं पूर्वी एक प्रकरण होऊन गेलंय आणि नवऱ्या मुलाला ते माहीत नाही. रीमाला पुरुषांत रस नाही. जमाल ही नेहमीची गिऱ्हाईक, वय उलटत चाललेलं, जाहिरातींच्या ऑडिशन देत फिरणारी. आणि समोरच कपडे शिवणारी रोझ, जी आपल्या वेडसर थोरल्या बहिणीला, लिलीला, सांभाळते. सिनेमाचं नाव साखर, लिंबू आणि पाणी आटवून केलेल्या वॅक्सवरून आलंय. आपल्याकडेही रिकासारखं तयार डब्यातलं वॅक्स यायच्या आधी कितीतरी पार्लरवाल्या ताया हाच ऐवज घरी गॅसवर शिजवायच्या. सिनेमात तो बोटांनी चाटतात आणि मग त्यानेच अंगावरची लव ओरबाडतात.

‘कॅरमेल’ २००७ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. शूटिंग संपलं आणि लगेच २००६च्या जुलैमधलं इस्रायल-हिजबुल्ला युद्ध पेटलं. म्हणजे हे बैरुत पडद्यावर यायच्या आधीच त्यावर बॉम्ब पडून गेले होते. सिनेमात मात्र त्या युद्धाचा उल्लेख नाही आणि १९७५ ते १९९०च्या यादवीचाही नाही. यावरूनच काही जण म्हणतात, लबाकीबाईंनी वास्तवाकडे पाठ फिरवली. लेबनॉन म्हटल्यावर मलबा आणि रडणाऱ्या आया दिसल्या नाहीत तर आपल्याला पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही की काय, कोण जाणे!

मला तर या सिनेमात प्रत्येक खोलीत कायदा आणि समाज पाय पसरून बसलेले दिसतात. फक्त ते भाषण देत नाहीत. लेबनॉनमध्ये १८ मान्यताप्राप्त धर्मपंथ आहेत. लग्न, घटस्फोट, मुलांचा ताबा, सगळं ज्याच्या त्याच्या पंथाच्या कोर्टात. देशात कोर्ट मॅरेजची सोय नाही, म्हणून कित्येक जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करून येतात. पंथ वेगळे असले तरी बाईवरची नजर सगळ्यांची सारखीच. लायाल ख्रिश्चन, नस्रीन मुसलमान, आणि दोघींच्या अडचणी एकमेकींना समजावून सांगाव्या लागत नाहीत.

नस्रीन आणि तिचा होणारा नवरा रात्री गाडीत नुसते बोलत बसलेत. पोलीस येतो, तुमचं नातं काय म्हणून विचारतो आणि बघता बघता प्रकरण चौकीत जातं. लायालला प्रियकराच्या वाढदिवसासाठी हॉटेलची खोली हवी असते, तर जिथे तिथे लग्नाचा पुरावा मागतात. यावर आपण हसायचं कारण नाही. २०१५च्या ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी मढ आयलंडच्या हॉटेलांतून प्रौढ जोडप्यांना बाहेर काढून चौकीत नेलं होतं, ते फार जुनं नाही. शेवटी लायालला एका कळकट हॉटेलात खोली मिळते. ती ती खोली स्वतः घासते, सजवते, केक मांडते. तो येत नाही. मैत्रिणी येतात. त्या उपदेश करत नाहीत, "आम्ही सांगितलं होतं" म्हणत नाहीत. केक खातात.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच मैत्रीबद्दल. नस्रीनने नवऱ्याला खरं सांगावं, असं तिच्या मैत्रिणी तिला म्हणतच नाहीत. त्या तिला दवाखान्यात घेऊन जातात, खोट्या फ्रेंच नावाने, कौमार्याचे टाके घालून घ्यायला. आपल्यातल्या बऱ्याच सुशिक्षित बायकांना (मीही त्यातलीच) हे खटकेल. हा कसला स्त्रीवाद, ही तर शरणागती! मला तसं वाटत नाही. खरं बोलण्याची किंमत नस्रीन एकटीच मोजणार असेल, तर लांब उभं राहून "खरं बोल" म्हणायला काय जातंय? सोबत जाऊन बाहेरच्या बाकावर बसणं त्याहून अवघड. आणि लबाकी त्याला विजय म्हणूनही दाखवत नाही. मुलगी टाके घालून घेते, लग्न लागतं, सगळ्या नाचतात. त्या नाचात आनंद खरा आहे आणि खोटेपणाही.

रीमाचं प्रेम तर कुणी तोंडाने उच्चारतही नाही. लेबनॉनच्या दंडसंहितेतलं कलम ५३४ ‘निसर्गविरुद्ध’ संबंधांना एक वर्षापर्यंत कैद सांगतं. सिनेमात आहे ते एवढंच: लांब काळ्याभोर केसांची एक गिऱ्हाईक येते, रीमा तिचं डोकं धुते. कोमट पाणी, मानेखाली हात, बोटं केसांतून सावकाश फिरतायत. ती बाई डोळे मिटते, उघडते, हसते. पुन्हा येते. पुन्हा केस धुवायलाच. शेवटी घरचे ओरडतील हे माहीत असून ती केस आखूड कापून घेते. प्रेमप्रसंग म्हणून मी पाहिलेल्यांत हा फार वरचा आहे.

रोझचं मात्र मला अजून पचत नाही. पासष्टीच्या आसपासची ही बाई. पँट आखूड करून घ्यायला आलेला शार्ल नावाचा सभ्य म्हातारा तिला कॉफीला बोलावतो. ती तयार होते, आरशासमोर बसून मेकअप करते, पलीकडे लिलीचा आरडाओरडा चाललेला. आणि मग ती लावलेलं सगळं पुसून टाकते. इथे मैत्रिणी कामाला येत नाहीत. घरातल्या आजारी माणसाचं ओझं वाटून घ्यायला या समाजात कुणीच नाही, आणि या बाबतीत आपलंही काही वेगळं नाही. सिनेमा गोड म्हणणाऱ्यांनी एकदा फक्त रोझ झालेल्या सिहाम हद्दादचा तो चेहरा बघावा.

तक्रारही आहे. लायालवर जीव टाकणारा ट्रॅफिक पोलीस यूसुफ फारच सोयीचा वाटतो. विवाहित पुरुष सुटला की लगेच चांगला पुरुष हजर! तिचा त्या प्रियकराच्या बायकोला वॅक्स करतानाचा प्रसंग इतका तिखट आहे, की त्याच्यापुढे हा मिशा काढून आलेला यूसुफ मला हिंदी सिनेमातून उसना आणल्यासारखा वाटला.

लबाकीचं पुढे मोठं नाव झालं. तिच्या ‘कॅपरनॉम’ला २०१८ साली कानचं ज्युरी पारितोषिक मिळालं, ऑस्करचं नामांकन मिळालं. तो सिनेमा मोठा आहे, मान्य. पण तिथे ती जगाला बैरुत समजावून सांगतेय. इथे, ‘कॅरमेल’मध्ये, ती फक्त या बायकांच्यात बसलीय, आणि मला ती इथेच जास्त आवडते.