म्हणे, अमेरिका ओसाड होती

आत्याचा मेसेज एकादशीच्या सकाळी आला. ‘अमेरिकेच्या इतिहासातले लपवलेले सत्य’ असा मथळा आणि शेवटी हात जोडलेली तीन चिन्हं. असली फॉरवर्ड मी एरवी उघडतही नाही. पण खाली आत्याने लिहिलं होतं, ‘नातवाला वक्तृत्व स्पर्धेसाठी हेच पाठ करायला दिलंय.’ मग मात्र लिहायला बसलो.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: गोरे आले तेव्हा अमेरिका ओसाड होती. तिथल्या चेरोकी वगैरे रानटी लोकांना ना शेती येत होती, ना त्यांना लिपी होती. मॅनहॅटन बेट त्यांनी २४ डॉलरच्या मण्यांसाठी हसत हसत विकलं. पुढे सरकारने मोबदला देऊन त्यांना त्यांच्या मर्जीने पश्चिमेला वसवलं. आणि तो पश्चिमेचा मुलूख कष्टाळू शेतकऱ्यांनी कुणाच्याही मदतीशिवाय उभा केला. तात्पर्य: जो घाम गाळतो, जमीन त्याची.

शेतीचं आधी उरकतो. आत्या, हे फॉरवर्ड पाठवलंस तेव्हा तुझ्या ताटात साबुदाण्याची खिचडी होती. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. दाणे तिकडचेच, बटाटा तिकडचा, मिरचीही अमेरिका खंडातलीच. तुझा अख्खा उपवास त्या ‘शेती न येणाऱ्या’ लोकांनी पिकवलेल्या वाणांवर चाललाय. ही मंडळी बरीच दक्षिणेकडची, हे खरं. पण उत्तर अमेरिकेतले चेरोकी जमातीचे लोकही मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावत; वेल मक्यावर चढे, भोपळ्याची पानं जमिनीतली ओल धरून ठेवत.

आता लिपी. इथे मात्र माझा संयम सुटला, कारण फॉरवर्ड लिहिणाऱ्याने नेमकं चेरोकींचंच नाव घेतलंय. चेरोकींमध्ये सिक्वोया नावाचा एक चांदीकाम करणारा कारागीर होता. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. गोरे लोक कागदावरून बोलतात एवढंच त्याने पाहिलं होतं. कित्येक वर्षं डोकं लावून त्याने १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेसाठी एका उच्चाराला (सिलेबलला) एक चिन्ह अशी, आपल्या बाराखडीच्या जवळ जाणारी, ८५-८६ चिन्हांची लिपी पूर्ण केली. काही वर्षांत हजारो चेरोकी ती शिकले. १८२७ मध्ये त्यांनी स्वतःची लिखित राज्यघटना केली आणि २१ फेब्रुवारी १८२८ रोजी न्यू एकोटा या त्यांच्या राजधानीतून ‘चेरोकी फिनिक्स’ हे वृत्तपत्र निघालं. चेरोकी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत.

बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं ६ जानेवारी १८३२ ला. तेही दोन भाषांत, एका स्तंभात मराठी, दुसऱ्यात इंग्रजी. म्हणजे ज्यांना लिपी नव्हती म्हणून आपण हसतोय, त्यांचं वर्तमानपत्र आपल्याआधी जवळजवळ चार वर्षं छापून येत होतं. आणखी एक योगायोग सांगतो. चेरोकी अक्षरांचे खिळे बॉस्टनला ओतून घ्यायला ज्या अमेरिकन बोर्डाच्या मिशनऱ्यांनी मदत केली, त्याच बोर्डाचे लोक १८१३ पासून मुंबईत होते आणि मराठी पुस्तकं छापत होते. अमेरिकन मराठी मिशन ते हेच.

त्या बोर्डाचा सॅम्युएल वूस्टर चेरोकींमध्ये राहून छापखान्याला हातभार लावत होता. १८२९ च्या सुमारास चेरोकींच्या डोंगरांत सोनं सापडलं आणि जॉर्जिया राज्याला चेरोकींची जमीन एकाएकी फार आवडू लागली. राज्याने कायदा केला: परवाना आणि निष्ठेची शपथ घेतल्याशिवाय गोऱ्यांनी चेरोकी मुलखात राहायचं नाही. वूस्टरने नकार दिला. शिक्षा, चार वर्षं सक्तमजुरी. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ३ मार्च १८३२ रोजी सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला की चेरोकी राष्ट्र हा वेगळा समाज आहे, त्याच्या हद्दीत जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत. फॉरवर्डवाल्याने बाकी काही वाचलं नसतं तरी चाललं असतं, हा एक निकाल वाचायला हवा होता. ‘रानटी’ म्हणवल्या गेलेल्या लोकांची बाजू अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली होती आणि तरी त्यांची जमीन गेली. त्याच वर्षी जॉर्जियाने ती सोडत काढून गोऱ्यांना वाटायला घेतली. (‘मार्शलने निकाल दिलाय, आता अंमलही त्यानेच करावा’ हे राष्ट्राध्यक्ष जॅक्सनच्या तोंडचं वाक्य आमच्या बाजूचे लोकही उत्साहाने फिरवतात. त्याला त्या काळचा पुरावा नाही. तेही थांबवा.)

मग ‘मर्जीने’ गेले हे कुठून आलं? जमीन सोडून पश्चिमेला जाण्याच्या, डिसेंबर १८३५ च्या एका करारातून. मोबदला ५० लाख डॉलर, एवढं फॉरवर्डमधलं खरं. पण सह्या करणारे मूठभर होते. निवडून आलेला प्रमुख जॉन रॉस त्यात नव्हता. ‘फिनिक्स’चा पहिला संपादक इलायस बुडिनॉट मात्र होता, हे लपवण्यात अर्थ नाही. विरोधाच्या अर्जावर हजारो चेरोकींनी सह्या केल्या. तरी सिनेटने ३१ विरुद्ध १५ मतांनी करार मंजूर केला. दोन तृतीयांशाची अट होती; एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर करार पडला असता.

मुदत संपली २३ मे १८३८ ला. जनरल विनफिल्ड स्कॉट सैन्य घेऊन आला. लोकांना घरांतून काढून लाकडी कुंपणांच्या छावण्यांत कोंडलं. उन्हाळ्यातल्या पहिल्या तुकड्यांचे इतके हाल झाले की बाकीचे थंडीच्या तोंडावर निघाले आणि त्यातले कित्येक मिसिसिपीच्या काठी बर्फात अडकून पडले. सुमारे १६ हजारांपैकी चार हजार मेले असा अंदाज सहसा दिला जातो. आत्या, मर्जीने जाणाऱ्यांना संगिनी लागत नाहीत.

हेही सांगून टाकतो: चेरोकींमधले श्रीमंत कृष्णवर्णीय गुलाम बाळगत आणि ते गुलामही याच वाटेने नेले गेले. चेरोकी संत होते असा माझा दावा नाही. जमीन त्यांची होती, एवढाच आहे.

‘ओसाड’मध्ये अर्धं सत्य आहे, मनाविरुद्ध कबूल करतो. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजाचे लोक जिथे वसले ते पटुक्सेट गाव खरंच रिकामं होतं. कारण १६१६ ते १६१९ च्या साथीने तिथली माणसं मेली होती. त्या गावचा टिस्क्वांटम १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनला विकायला नेला म्हणून वाचला. १६१९ मध्ये परतला तर गाव संपलेलं. पुढे त्यानेच नव्या लोकांना मका लावायला शिकवलं, आणि तोही आधीच साफ केलेल्या शेतांत. आजारात घरचे गेले म्हणून शेजाऱ्याने वाड्यात घुसावं आणि ‘वाडा ओसाड होता’ म्हणावं, तसं हे आहे.

२४ डॉलरबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. १६२६ च्या एका डच पत्रात ‘६० गिल्डरच्या किमतीला’ एवढंच आहे. मण्यांचा उल्लेख नाही, आणि तेव्हा अमेरिकन डॉलर नावाची वस्तूच जन्मली नव्हती. २४ हा आकडा एकोणिसाव्या शतकातल्या हिशेबाचा.

आणि ‘कुणाच्याही मदतीशिवाय’? १८०३ मध्ये सरकारने फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला लुईझियाना घेतलं, ज्याच्या बहुतेक भागावर फ्रेंचांचा प्रत्यक्ष ताबा नव्हता. १८६२ च्या कायद्याने अर्जदारामागे १६० एकरांपर्यंत जमीन जवळजवळ फुकट वाटली. रेल्वे कंपन्यांना तर जमिनीच्या जमिनी दिल्या. घाम गाळला असेल, पण सातबारा आधी सरकारने कोरा करून दिला होता.

हे सगळं आत्याला पाठवलं. तासाभराने उत्तर आलं, ‘अरे, स्पर्धा शनिवारी आहे, आता नवीन कोण लिहून देणार?’ पाच मिनिटांचं भाषण आहे म्हणे. सिक्वोया त्यात आरामात बसतो. लिहायला घेतलंय.