तराणा म्हणजे शब्दांची टंचाई नव्हे

एक मजकूर बरेच दिवस फिरतोय. विषय तराणा, म्हणजे हिंदुस्थानी संगीतात अर्थाच्या शब्दांऐवजी नुसत्या बोलांवर गायचा प्रकार. मजकुराचं सार असं: दरबारातल्या जुगलबंदीत कवी अमीर खुसरोला गोपाल नायक या गवयाच्या गाण्यातलं संस्कृत कळेना, म्हणून त्याने ‘तोम् तनन’ अशी अक्षरं भरून वेळ मारून नेली आणि तराणा जन्मला. त्यामुळे त्यात शिकण्यासारखं काही नाही, कुणीही गावा. शब्द नाहीत म्हणून भाव नाही. आणि वर, त्या अक्षरांत म्हणे गुप्त अर्थ दडलाय! पहिलं आणि शेवटचं विधान एकमेकांना खोडतं, हे पुढे ढकलणाऱ्यांच्या गावीही नाही.

आधी खुसरो. त्याचा जन्म १२५३चा. त्याच्या आधीच, यादव राजा सिंघणाच्या काळात, देवगिरीला शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला होता. (हा गृहस्थ दरबारात हिशेब सांभाळायचा, त्यामुळे वर्गवारीत पक्का.) त्याने प्रबंधाची, म्हणजे तेव्हाच्या बांधीव गाण्याची, सहा अंगं दिली आहेत: स्वर, बिरुद, पद, तेनक, पाट, ताल. यातलं तेनक म्हणजे ‘तेन तेन’ अशी मंगल अक्षरं आणि पाट म्हणजे वाद्यांचे बोल. अर्थाचे शब्द येतात ते पदात आणि बिरुदात, म्हणजे सहापैकी दोन अंगांत. त्याही मागे जायचं तर सामवेदाच्या गायनातले स्तोभ, म्हणजे मधे घातलेली अर्थाविना अक्षरं, आहेतच, ‘हाउ’, ‘औहोवा’ वगैरे. दंतकथेतला गोपाल नायकही देवगिरीचाच मानतात. अर्थाविना अक्षरं गाणं त्याच्या गावाला नवं नव्हतं.

राहिली दरबारातली जुगलबंदी. खुसरो सिंहासनाखाली लपून ऐकतो आणि नंतर तेच गाऊन दाखवतो, ही गोष्ट फकीरुल्लाच्या ‘रागदर्पणा’त येते. हा ग्रंथ सतराव्या शतकातला, खुसरोनंतर तीनशेहून अधिक वर्षांचा. शिवाय ज्या खुसरोने १३१८च्या ‘नुह सिपिहर’ या आपल्या काव्यात इथल्या संगीताची आणि संस्कृतची तोंडभरून स्तुती केली, त्याला ‘संस्कृत कळेना म्हणून गडबडलेला’ ठरवणं जरा जास्तच झालं. तराण्याला आजचं रूप देण्यात त्याचा वाटा असेलही. पण अडाणीपणातून तराणा निघाला, हे काही पटत नाही.

‘कुणीही गावा’ म्हणणाऱ्यांनी एकदा गाऊनच बघावा. तराणा ही बंदिश असते: राग ठरलेला, ताल ठरलेला, स्थायी आणि अंतरा हे दोन्ही भाग बांधलेले, कुठल्या मात्रेवर कुठला बोल तेही ठरलेलं. आणि बोल वाटेल ते नसतात. त, द, न, र, य, ल, म यांचाच सगळा कारभार. ख, घ, छ, ठ, फ यांना तिथे जवळजवळ थारा नाही. कारण सरळ आहे, जीभ अडता कामा नये. ‘दिर’ म्हणताना जीभ दातांना लागते आणि लगेच जरा मागे ‘र’वर जाते. सतारीवर मिजराबीचे, म्हणजे बोटातल्या नखीचे, ‘दा रा’ आत-बाहेर पडतात तशी. लय मिनिटाला २४० मात्रांची असेल आणि मात्रेला एक ‘दिर’ धरला, तर सेकंदाला चार ‘दिर’ होतात. मात्रेत दोन बसवायचे तर आठ. तेही सुरात, रागाचं चलन न बिघडवता. उलट ‘तोम्’चा म् ओठ मिटून घुमवता येतो, म्हणून तो समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, शोभतो, ‘दिर’ लांबवायला गेलात तर त्याचा जीवच जातो. मालिनी राजूरकर किंवा वीणा सहस्रबुद्धे यांचा द्रुत तराणा ऐकताना पुढचा बोल कधी निसटला असं वाटत नाही. ती वर्षांची मेहनत आहे, पळवाट नव्हे.

भावाबद्दल फार बोलायला नको. ध्रुपदातला ‘नोम् तोम्’ अशा बोलांचा नोमतोम आलाप शब्दांविना तासभर चालतो आणि त्याला कुणी कोरडा म्हणत नाही. आणि खरं सांगा, विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालातले शब्द ऐकून लिहून काढता येतात का तुम्हाला? पोवाड्यात झीलकरी ‘जी जी रं जी’ धरतात तेव्हाही कुणी अर्थ विचारत नाही, अंगावर काटा मात्र येतो.

आता गुप्त अर्थ. इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ यांनी यावर मनापासून विचार केला होता. हे बोल फारसी सूफी उद्गारांतून आले, असं ते मानत आणि तराण्याच्या अंतऱ्यात फारसी शेरही घेत. त्यांच्या गाण्यात त्यामुळे एक वेगळीच गंभीरता येते, हे कबूल. पण ध्रुपद गाणारी डागर परंपरा नोमतोमचे तसेच बोल ‘अनंत हरि नारायण’शी जोडते, आणि शार्ङ्गदेवाच्या ग्रंथात तेनकाचा धागा ‘तत् त्वम् असि’पर्यंत नेलेला आहे. इतक्या जवळच्या अक्षरांतून ज्याला त्याला आपापला देव सापडत असेल, तर ती श्रद्धा झाली, व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे. गवयाने त्या भावनेने जरूर गावं. ‘संशोधनाने सिद्ध’ असा शिक्का मात्र मारू नये.

शब्द जमत नाहीत म्हणून तराणा, असं अजूनही ज्यांना वाटतं, त्यांनी एखादा चतुरंग ऐकावा. एकाच बंदिशीत कवितेचे शब्द, सरगम, तराण्याचे बोल आणि पखवाजाचे बोल. शब्द हाताशी असलेल्या त्या बांधणाऱ्याने तराण्याला मुद्दाम जागा का दिली, याचं उत्तर त्या मजकुरात कुठेच नाही.