‘आत्मविश्वास ठेवा, भाषांतर आपोआप जमेल’: दुभाष्यांसाठी हा सल्ला चुकीचा का?

दुभाषेपण शिकणाऱ्यांना हा सल्ला हमखास मिळतो. त्यात तीन दावे दडलेले आहेत.

‘आधी विश्वास, मग कामगिरी.’ क्रम बहुधा उलटा असतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या क्षमतेवरच्या विश्वासाची मांडणी केली, तेव्हा त्याचा सर्वांत भक्कम आधार म्हणून स्वतः काम करून मिळालेलं यश सांगितलं. कोणी दिलेला धीर त्यापुढे फिका पडतो. शिवाय हा विश्वास कामागणिक वेगळा असतो: पाच मिनिटांचं भाषण ऐकून, नोट्स घेऊन ते नंतर व्यवस्थित मांडणारी विद्यार्थिनी बूथमध्ये, म्हणजे भाषण चालू असतानाच भाषांतर करताना, पहिल्याच मिनिटाला अडखळू शकते.

‘न अडखळता बोललात की झालं.’ हा सर्वांत घातक दावा. श्रोत्याला मूळ भाषा कळत नाही, म्हणूनच तर दुभाषी लागतो. ठाम आवाजातली चूक तो पकडणार कशी? मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘हा मसुदा आम्ही आहे तसा मान्य करणार’ एवढं ऐकून जो होकार देऊन मोकळा होतो, त्याच्या कानावर ‘नाही’ पडेपर्यंत उशीर झालेला असतो. ‘फिफ्टीन मिलियन’चे दीड कोटीऐवजी पंधरा लाख होतात, तेही अगदी खणखणीत आवाजात.

‘चुका घाबरल्यामुळे होतात.’ काही होतातही. पण दुभाषेपणाचे अभ्यासक डॅनिएल जील यांनी दाखवलं तसं ऐकणं, लक्षात ठेवणं, बोलणं आणि या तिन्हींचा मेळ घालणं एकाच मर्यादित शक्तीवर चालतं. आकड्यांनी गच्च वाक्य ती खाऊन टाकतं आणि चूक पुढच्या सोप्या वाक्यात दिसते. त्यावर धीर हा इलाज नाही. आकडा कानावर पडताच एककासह लिहावा, संज्ञांची यादी आधीच तयार असावी.

विश्वासाची खरी गरज एक वाक्य निसटल्यावर लागते: गप्प न होता हातातलं वाक्य पुरं करून पुढचं पकडायला. तो सरावाने येतो, पण सराव मोजलेला हवा. तीन मिनिटांचं, मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्दांचं भाषण घ्या. मूळ आवाज डाव्या कानात, तुमचं भाषांतर उजव्या कानात येईल असं रेकॉर्ड करा. ऐकण्याआधी अंदाज लिहा: आकडे, नावं, नकार आणि ‘म्हणून’, ‘तरीही’ यांसारखे दुवे किती बरोबर आले? मग मोजा. अंदाज आणि मोजणी यांतला फरक दर आठवड्याला नोंदवा. अंदाज सतत जास्त निघत असेल तर भाषणाचा वेग वाढवू नका. सतत कमी निघत असेल तर वाढवा.