त्रैक्य १९३१ साली घुसवलं गेलं का?

तुमचा आक्षेप असा: सुरुवातीचे सगळे ॲडव्हेंटिस्ट, म्हणजे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती मंडळीचे लोक, त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्तींत एकच देव) नाकारत होते, १९३१ साली वरच्या पुढाऱ्यांनी ते गुपचूप मंडळीत घुसवलं, आणि माझ्या लेखात मी हे झाकलं. यातला पहिला भाग बराचसा खरा आहे.

मंडळीचे संस्थापक जेम्स व्हाइट आणि जोसेफ बेट्स ‘क्रिश्चन कनेक्शन’ या पंथातून आले. तिथे त्रैक्य मान्यच नव्हतं. १८६१ मध्ये मंडळीचे एक प्रचारक लॉफबरो यांनी ‘रिव्ह्यू’ या मंडळीच्या नियतकालिकात लिहिलं की त्रैक्य व्यवहारबुद्धीला पटत नाही, शास्त्राविरुद्ध आहे आणि मूर्तिपूजकांकडून आलंय. पण बेट्स यांचं १८६८चं आत्मचरित्र नीट वाचा. पुत्र आणि सर्वसमर्थ पिता एकच व्यक्ती आहेत, हे त्यांना मानता येत नव्हतं. अहो, हे तर त्रैक्य मानणाराही मानत नाही! तो पिता आणि पुत्र या वेगळ्या व्यक्तीच धरतो.

दुसरं, अवतरण देताना साल सोडू नका. तुम्ही दिलेलं जेम्स व्हाइट यांचं त्रैक्याविरुद्धचं कडक वाक्य १८५२चं आहे. १८७६ मध्ये तेच लिहितात की ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दल आपण त्रैक्यवाद्यांच्या अगदी जवळ आहोत. ‘रिव्ह्यू’चे संपादक युरायह स्मिथ यांच्या बाबतीत तर आवृत्ती पाहिल्याशिवाय बोलूच नये. बायबलमधल्या प्रकटीकरण या पुस्तकावरच्या त्यांच्या १८६५च्या पुस्तकात ख्रिस्त पहिला निर्माण केलेला जीव आहे. १८८०च्या दशकातल्या आवृत्तीत ते मत त्यांनी सोडलं. निर्माण केलेला नव्हे, पित्यापासून जन्मलेला, असं ते म्हणू लागले. पण त्याला आरंभ आहे, हे मत सुटलं नाही. १८९८च्या ‘लुकिंग अंटू जीझस’मध्येही ते आहेच.

आणि त्याच १८९८ मध्ये जेम्स यांच्या पत्नी आणि मंडळीच्या सहसंस्थापक एलेन व्हाइट यांचं ‘डिझायर ऑफ एजेस’ आलं. त्यात ख्रिस्तामधलं जीवन मूळचं आहे, उसनं नाही, कुणाकडून आलेलं नाही. पवित्र आत्मा देवत्वातली तिसरी व्यक्ती आहे. एकाच मंडळीतली, एकाच वर्षातली ही दोन पुस्तकं! त्याआधी १८९२ मध्ये मंडळीच्याच पॅसिफिक प्रेस या प्रकाशनसंस्थेनं सॅम्युएल स्पिअर यांची त्रैक्यावरची पुस्तिका छापली होती. ते ॲडव्हेंटिस्टही नव्हते. मग १९३१ पर्यंत गुपित राहिलं कुठे? मंडळीच्या १९१९च्या बायबल परिषदेत ख्रिस्ताच्या अनादित्वावर उघड वाद झाला. आपण इथे मतदान घेणार नाही, असं मंडळीचे तेव्हाचे अध्यक्ष डॅनियल्स यांना सांगावं लागलं.

तुमची एक शंका मात्र रास्त आहे. १९३१चं, त्रैक्य असलेलं, श्रद्धाकलमांचं निवेदन चौघांच्या समितीनं केलं आणि ते मंडळीच्या सर्वसाधारण अधिवेशनात मताला न टाकता तिच्या इयरबुकमध्ये (वार्षिक पुस्तकात) छापलं गेलं. सध्याच्या श्रद्धाकलमांवर, त्रैक्याच्या कलमासकट, अधिवेशनात मतदान झालं ते १९८० मध्ये, डॅलसला.