पाणी नाही, तर संडास बांधला कशाला?

आमच्या जिल्हा परिषद शाळेत मुलींचं स्वच्छतागृह 'आहे'. यू-डायसच्या, म्हणजे शाळेची माहिती सरकारला कळवायच्या फॉर्ममध्ये तसं भरलंय, भिंतीवर दोन वेण्यांच्या मुलीचं चित्रही रंगवलंय. आतला नळ कोरडा, भांडं तुंबलेलं, कोपऱ्यात मोडके बाक रचलेले आणि दाराला कुलूप. किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात. विचारलं की ठरलेलं उत्तर, "ताई, पाणीच नाही, उघडलं की घाण होते." म्हणजे घाण होऊ नये म्हणून पोरींनी साडेदहापासून पाचपर्यंत लघवी दाबून बसायचं?

माझी पोरगी सातवीत आहे. दप्तरात घातलेली पाण्याची बाटली संध्याकाळी तशीच भरलेली घरी येते, मार्च-एप्रिलच्या उन्हातसुद्धा. प्यायलं की जावं लागतं आणि जायचं कुठं? वर्गातल्या सगळ्याच पोरींची हीच गत. लघवीला आग होते म्हणून दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणतात भरपूर पाणी प्यायला द्या. पाळी आली की पोरी सरळ घरी राहतात. मागून आया शाळेत सांगतात, पोट दुखत होतं.

कायद्यात काही कमी नाही हो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी लिहिलेलंच आहे. २०१२मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा महिन्यांची मुदत दिली. २०१४ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी शाळाशाळांत संडास बांधायची घोषणा केली आणि वर्षभरात देशभर चार लाखांवर संडास बांधल्याचं जाहीर झालं. मग कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेने, त्यातल्या सरकारी कंपन्यांनी बांधलेल्या संडासांची पाहणी केली. २०२०मध्ये अहवाल आला. ७२ टक्के संडासांत नळाला पाणी नाही, ५५ टक्के ठिकाणी हात धुवायची सोय नाही. बांधणाऱ्याला पाणी कुठून येणार हे आधी विचारायला नको होतं?

पैशाचं ऐका. ३१ ते १०० पट असलेल्या शाळेला संयुक्त अनुदान वर्षाला २५ हजारांपर्यंत. त्यातले दहा टक्के स्वच्छतेला, म्हणजे अडीच हजार, महिन्याला दोनशे रुपये! दोनशे रुपयांत रोज संडास धुवायला कोण येईल? फिनेल तरी पुरेल का? उरलेल्यातून वीजबिल, खडू, दुरुस्त्या. बिल थकलं की कनेक्शन कापतात, मग मोटर बंद आणि टाकी रिकामी. शिक्षकांना दोष देऊन मोकळं व्हायची मला इच्छा नाही, पण एक सांगते, त्यांच्या स्वतःच्या संडासात बादली भरलेली असते.

१५ ऑक्टोबरला हात धुवा दिन असतो. त्या दिवशी बादल्या भरून आणतात, साबण येतो, पोरं रांगेत उभी राहतात, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी तीच पोरं फ्रॉकला हात पुसून खिचडी खातात. जुलाबाने पोरं आजारी पडली की आमच्याच घरी मजुरी बुडते.

गावात वेशीवर कमान उभारायला पैसे निघतात, पेव्हर ब्लॉक बसतात, शाळेला पाइपलाइन मात्र 'पुढच्या आराखड्यात'. शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय दर वेळी 'ऐनवेळचे विषय' म्हणून शेवटी येतो, तोवर निम्मे लोक उठून गेलेले असतात. आता तो पहिला घ्या. नळजोडणी द्या, सफाईला माणूस लावा, त्याचा पगार ग्रामपंचायतीने द्यावा. आणि ते कुलूप उद्याच्या उद्या काढा.