डेव्हिड पेज : भावाच्या सावलीतला नव्हे, स्वतःच्या कानाचा संगीतकार

ऑस्ट्रेलियातील बांगारा डान्स थिएटर या आदिवासी नृत्यसंस्थेविषयी लिहिताना डेव्हिड पेज यांचा उल्लेख बहुधा दोनच कारणांनी होतो : ते नृत्यदिग्दर्शक स्टीफन पेज यांचे थोरले भाऊ होते, आणि २८ एप्रिल २०१६ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, ते अचानक गेले. सुमारे पंचवीस वर्षे एका नृत्यसंस्थेला तिचा स्वतःचा आवाज घडवून देणाऱ्या माणसाची ओळख एवढ्यावर आटोपावी, हे मला पटत नाही.

ब्रिस्बेन शहरातील बारा भावंडांच्या कुटुंबात डेव्हिड हे आठवे अपत्य. नुनुकुल आणि युगम्बे भाषकांतील मुनालजाली या आदिवासी समाजांचे ते वंशज. सत्तरच्या दशकात ‘लिटल डेव्ही पेज’ या नावाने त्यांच्या तबकड्या निघाल्या, दूरचित्रवाणीवर ते गाऊ लागले आणि आवाज फुटताच ते सारे बंद पडले. बालकलाकारांच्या बाबतीत गोष्ट सहसा येथेच संपते. डेव्हिड मात्र ॲडलेड विद्यापीठाच्या आदिवासी संगीत अभ्यास केंद्रात शिकायला गेले, आणि गाणारा मुलगा रचना करणारा संगीतकार झाला. स्टीफन यांनी १९९१ मध्ये बांगाराची सूत्रे हाती घेतल्यावर धाकटा भाऊ रसेल नर्तक म्हणून आणि डेव्हिड संगीतकार म्हणून त्यांच्याबरोबर उभे राहिले.

त्यांच्या संगीताला सर्रास ‘फ्यूजन’ म्हटले जाते. हा शब्द मला आळशी वाटतो. हे भाऊ शहरात वाढले होते आणि क्वीन्सलँडमधील त्यांच्या आधीच्या पिढ्यांना स्वतःची भाषा मोकळेपणाने बोलण्याचीही मुभा नव्हती. त्यामुळे जिवंत परंपरेपर्यंत पोहोचण्यासाठी त्यांना उत्तरेकडील आर्नहेम लँडमधील योल्ङू लोकांकडे जावे लागले, आणि तेथील गाणी म्हणजे कोणीही उचलावीत अशा बेवारस चाली नव्हेत. प्रत्येक गीताला कुळ असते, भूमी असते आणि ते कोणी, कोठे, कोणासमोर गायचे याचे नियम असतात. बांगारामध्ये त्या त्या समाजातील ज्येष्ठांची परवानगी घेणे हा शिष्टाचाराचा भाग नसून निर्मितीचीच पहिली पायरी आहे. ‘पारंपरिक’ एवढा एक शब्द श्रेयनामावलीत टाकून मोकळे होण्याची सवय असलेल्या कुठल्याही संगीतविश्वाने हे मुद्दाम पाहावे.

‘ओकर्स’ ही १९९४-९५ची कृती याचे उत्तम उदाहरण आहे. पिवळी, काळी, तांबडी आणि पांढरी माती असे तिचे चार भाग. योल्ङू गायक-नर्तक जाकापुरा मुन्यारिउन रंगमंचावर अंगाला माती लावतो, तेव्हा त्याचा गळा आणि टाळकाठ्यांचा ठोका हाच संगीताचा कणा असतो. डेव्हिड यांचे सिंथेसायझरचे सूर त्याच्याशी स्पर्धा करीत नाहीत, त्याच्याभोवती मोकळी जागा ठेवतात. मला त्यांच्या कामात सर्वांत मोलाची वाटते ती हीच जागा, कारण नाचणाऱ्या शरीराला वळायला, थांबायला, जमिनीवर पाय रोवायला वेळ लागतो, आणि स्वतःचे कौशल्य दाखवण्याच्या नादात असलेला संगीतकार तो वेळ कधीच देत नाही.

‘पटीगरँग’ (२०१४) मध्ये परिस्थिती नेमकी उलटी होती. १७९०च्या सुमारास सिडनीत इंग्रज लेफ्टनंट विल्यम डॉज यांना आपली भाषा शिकवणाऱ्या पटीगरँग या आदिवासी तरुणीची ही गोष्ट, आणि तिचा मुख्य आधार डॉज यांच्या वह्या, ज्या आज लंडनमध्ये आहेत. येथे शेजारी बसून गाणारा तिच्या काळचा कोणी जाकापुरा मिळणार नव्हता.

बाकी यादी मोठी आहे. ऑस्ट्रेलियन बॅलेबरोबरचे प्रयोग, सिडनी ऑलिंपिकच्या वर्षीची ‘स्किन’, पुढे चित्रपटसंगीत. पण ‘पेज एट’ बाजूला ठेवता येत नाही. रसेल २००२ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेला. त्यानंतर दोन वर्षांनी डेव्हिड यांनी लेखक लुई नाउरा यांच्यासह हा एकपात्री प्रयोग लिहिला आणि स्टीफन यांनी तो दिग्दर्शित केला. एरवी पडद्यामागे राहणारा हा माणूस त्यात गायला, त्याने स्त्रीवेष घेतले, घरातल्या मंडळींच्या नकला केल्या आणि आपल्या फसलेल्या बालकीर्तीवर प्रेक्षकांना हसवले. हा प्रयोग म्हणजे संगीतकाराने केलेली जोडहौस होती, असे मला वाटत नाही. आवाज गमावलेल्या मुलाने प्रौढपणी रंगमंच परत मिळवला, आणि तोही कोणाची दया न मागता.

त्यांच्या मृत्यूनंतर आलेल्या बऱ्याच लेखनात सगळे आयुष्य शेवटाच्या उजेडात वाचले गेले. त्यापेक्षा कृती पाहाव्यात. काटी थांडा, म्हणजेच लेक एअर, या बहुतेक काळ मिठाचा कोरडा पट होऊन पडणाऱ्या सरोवरावर फ्रान्सिस रिंग्ज यांनी रचलेली ‘टेरेन’ ही २०१२ची नृत्यकृती २०२२ मध्ये पुन्हा रंगमंचावर आली. तिचे संगीत डेव्हिड यांचे आहे. ते ऐकणाऱ्याला पेज कुटुंबाविषयी काडीचीही माहिती नसली तरी चालेल.