आमच्या टाकीचा जलोदर

टक्, घर्र, टक्. दात घासून होईपर्यंत मी चौदा वेळा मोजलं. तळघरातला पंप उचकी लागल्यासारखा चालू-बंद होत होता.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात १० लाखांहून जास्त घरं खाजगी विहिरींवर आहेत, त्यातलं एक आमचं. विहीर म्हणजे काय, तर अंगणात गुडघाभर वर आलेला सहा इंची पाइप. वाकून स्वतःचं तोंडसुद्धा बघता येत नाही. खोल आत पंप, आणि तळघरात माझ्याहून वयाने मोठी, जस्ताचा मुलामा दिलेली टाकी. तिच्यात खाली पाणी, वर हवा. नळ सोडला की दाबलेली हवा पाणी ढकलते. दाब चौरस इंचाला ३० पाउंडांवर उतरला की पंप सुरू, ५० ला बंद. नव्या टाक्यांत दोघांमध्ये रबराचा पडदा असतो. आमच्याकडे एकत्र कुटुंब, त्यामुळे पाणी हळूहळू हवा गिळत जातं. मग कपभर पाण्यालाही पंप धावत सुटतो, आणि असाच धावला तर एक दिवस जळतो.

कलिंगड बघतात तशी टाकी ठोकून पाहिली. वर पोकळ वाजायला हवी. तर खालपासून वरपर्यंत बद्द. जलोदर!

प्लंबरने नव्या टाकीचा आकडा सांगितला, तेव्हा हवा माझीच गेली. "नाहीतर रिकामी करून परत भरा," तो दयेने म्हणाला.

पंपाचा खटका पाडला आणि कामाला लागलो. पाणी दीडशे लिटर, तळघराला मोरी नाही. बादली, तेरा पायऱ्या, अंगण. की पुन्हा खाली. आजी विहिरीतून पाणी शेंदायची ते निदान हंड्यात तरी जायचं. आठव्या बादलीला गंजाळ धार थांबली. फत्ते! तोटी तशीच उघडी टाकून मी वर येऊन चहा मागितला. बायकोने आधणासाठी नळ सोडला. पाणी आलं नाही. पण खालून टाकीने लांबलचक ढेकर दिली आणि धो धो आवाज सुरू झाला. वरचा नळ उघडल्याशिवाय हवा आत शिरणार कुठून, हे माझ्यातल्या इंजिनिअरला सुचलं नव्हतं. उरलेलं पाणी बादल्यांनी नाही, फडक्यांनी काढलं.

रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं.

"अजून विहिरीचं पाणी वाहतोस?" ती म्हणाली. "आपल्याकडे दारात नळ आला रे."